सगळे जंत सारखे नसतात: राउंडवर्म आणि हूकवर्म

पोटात जंत झालेत म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं, तर शौचातून पडलेला पांढरट, गांडुळासारखा लांब किडा. नुसत्या आठवणीनेही शिसारी येते. तो असतो राउंडवर्म, म्हणजे गोलकृमी. पण त्याच लहान आतड्यात आणखी एक फुकटा बिऱ्हाडकरू असू शकतो, हूकवर्म, पुस्तकी मराठीत अंकुशकृमी, आणि हा सहसा कोणाच्या नजरेलाच पडत नाही. दोघंही मातीतून येतात, दोघांवर गोळीही तीच चालते, म्हणून आपण दोघांना 'जंत' म्हणून मोकळे होतो आणि घाबरतो फक्त दिसणाऱ्याला. माझ्या मते गडबड इथेच होते.

आकारात तर काही तुलनाच नाही. राउंडवर्मची मादी 20 ते 35 सेंटीमीटर, म्हणजे जवळपास फूटपट्टीएवढी आणि पेन्सिलीइतकी जाड. हूकवर्म जेमतेम 1 सेंटीमीटर, शिवणाच्या दोऱ्याचा तुकडा समजा.

आता खाणं बघा, खरा फरक तिथे आहे. राउंडवर्म आतड्यात मोकळा फिरतो, कुठे चिकटत नाही, आपण खाल्लेलं अर्धवट पचलेलं अन्न त्याला पुरतं. हूकवर्मला अन्नात रसच नाही, त्याला रक्त लागतं. त्याच्या तोंडात दात असतात (एका जातीत दातांऐवजी धारदार पट्ट्या), त्यांनी तो आतड्याच्या आतल्या अस्तराचा लचका तोंडात धरतो आणि ओढायला लागतो, वर रक्त गोठू नये म्हणून स्वतःचा रस त्यात सोडतो, आणि थोड्या वेळाने ती जागा सोडून दुसरीकडे चावतो, पण आधीची जखम झिरपतच राहते. नेकेटर अमेरिकॅनस या जातीचा एक किडा दिवसाला साधारण 0.03 मिली रक्त घालवतो, अँकायलोस्टोमा ड्युओडेनाले हा त्याचा भाऊ 0.15 मिलीच्या वर. ऐकायला काहीच नाही. पण 100 नेकेटर धरले तर दिवसाला 3 मिली, महिन्याला 90 मिली, आणि हे वर्ष-दोन वर्षं किंवा त्याहूनही जास्त चालू राहतं, रक्ताबरोबर लोह जातं, प्रथिनंही जातात.

त्यामुळे हूकवर्मचा त्रास पोटात कमी आणि अंगभर जास्त दिसतो. जिना चढताना धाप, छातीत धडधड, चेहरा फिका, नखं चमच्यासारखी खोलगट, कधी माती खावीशी वाटणं, फारच वाढलं तर पायावर सूज. लहान मुलं आणि गरोदर बाया यांच्याकडे लोहाचा साठा आधीच तुटपुंजा, सगळ्यात जास्त तेच भरडले जातात, मुलांची वाढ आणि अभ्यास दोन्ही मागे पडतं. आणि हे सगळं इतकं हळूहळू होतं की शरीर सवय करून घेतं, माणूस स्वतःच म्हणतो मी आधीपासून असाच. अमेरिकेच्या दक्षिण भागात हेच झालं होतं, 1902 मध्ये चार्ल्स स्टाइल्स या प्राणिशास्त्रज्ञाने तिथल्या लोकांच्या मरगळीचं कारण हूकवर्म आहे असं सांगितलं तर वर्तमानपत्रांनी त्याला 'आळसाचा जंतू' नाव ठेवलं. पुढे 1909 मध्ये तेलसम्राट रॉकफेलर यांनी 10 लाख डॉलर दिले आणि मोहीम निघाली, तेव्हा शाळेतल्या मुलांपैकी सुमारे 40 टक्क्यांच्या पोटात हा किडा होता. म्हणजे आळशी कोणीच नव्हतं, अंगात रक्तच नव्हतं.

राउंडवर्म गरीब आहे असं नाही हां. खूप झाले की त्यांचा गुंताडा होऊन आतडंच बंद पडतं, एखादा पित्तनलिकेत घुसतो, कधी उलटीतून बाहेर येतो, अशा वेळी थेट ऑपरेशनची पाळी येऊ शकते. मुलांचं पोषणही तो खातोच. पण रक्त पिणं हा त्याचा धंदा नाही.

शिरायची वाटही वेगळी. राउंडवर्मची अंडी तोंडातून जातात, न धुतलेले हात, कच्ची भाजी. हूकवर्म मात्र मुख्यतः कातडीतून घुसतो, बहुतेक वेळा अनवाणी पायातून, बोटांच्या बेचक्यात खाज सुटते, बारीक पुरळ येतं, आपण म्हणतो काहीतरी चावलं असेल. हे कळलं तेही अपघातानेच. कैरोत आर्थर लूस नावाचे शास्त्रज्ञ गिनीपिगच्या तोंडात अळ्यांचं पाणी घालत होते, थेंब हातावर सांडला, तिथे लालसर होऊन खाज सुटली, काही आठवड्यांनी त्यांच्याच शौचात अंडी सापडली. म्हणून हात कितीही घासून धुतले तरी पायात चप्पल नसेल तर हूकवर्मपुढे त्याचा फारसा उपयोग नाही. (अँकायलोस्टोमा तोंडावाटेही जाऊ शकतो, पण मुख्य रस्ता कातडीच.) आत गेल्यावर दोघांच्याही अळ्या फुफ्फुसातून फिरून घशात येतात आणि गिळल्या जातात, त्यामुळे सुरुवातीचा खोकला दोघांत सारखाच.

मातीतही दोघांचं वागणं निराळं. राउंडवर्मची मादी दिवसाला 2 लाख अंडी घालते, कवच इतकं चिवट की ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात. हूकवर्मची अंडी ओलसर, उबदार मातीत 1-2 दिवसांत फुटतात, 5 ते 10 दिवसांत अळी पायात शिरायला तयार, आणि फार तर 3-4 आठवडे जगते, कोरड्या उन्हात तेवढंही नाही. उघड्यावर शौच थांबलं की दोघांचाही रस्ता तुटतो.

औषध अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम, एक गोळी. एकदाच घ्यायच्या मेबेंडाझोलने राउंडवर्म चांगला जातो, हूकवर्मवर ती कमी पडते. गरोदरपणाच्या पहिल्या 3 महिन्यांत ही औषधं टाळतात, डॉक्टरांना विचारूनच काय ते. हूकवर्म असेल तर सोबत लोहाच्या गोळ्याही लागतात कारण किडा मेला म्हणून गेलेलं रक्त परत येत नाही.

आणि गोळी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी लोक शौचात बघतात, काही पडलं नाही की म्हणतात गोळी फुकट गेली. राउंडवर्म असता तर कदाचित दिसला असता. हूकवर्म असा दिसत नाही, त्यासाठी 2-3 आठवड्यांनी शौचाची तपासणी करावी लागते, तीही ताज्या नमुन्याची, कारण नमुना तसाच पडून राहिला तर अंडी फुटून अळ्या निघतात, आणि हिमोग्लोबिन किती वाढलं तेही बघावं लागतं.