दाहक आंत्रविकार आणि हृदयरोग

दाहक आंत्रविकार (आयबीडी) म्हणजे पचनमार्गात वर्षानुवर्षे टिकून राहणारा आणि अधूनमधून उफाळणारा दाह. क्रोन विकार आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे त्याचे दोन मुख्य प्रकार. हा दाह आतड्यापुरता राहत नाही. सांधे, त्वचा आणि डोळे यांना त्याचा उपद्रव होतो हे डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत आहे. हृदयाकडे मात्र उशिरा लक्ष गेले. नावात साम्य असलेला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम हा निराळा विकार असून पुढील विवेचन त्याला लागू नाही.

सर्वांत जुना आणि पक्का पुरावा रक्ताच्या गुठळ्यांचा आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांत धमन्या व शिरांमध्ये गुठळ्या होतात, असे मेयो क्लिनिकच्या बार्गेन आणि बार्कर यांनी १९३६ मध्येच नोंदवले होते. पायाच्या खोल शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी होण्याची शक्यता या रुग्णांत इतरांच्या सुमारे दोन ते तीन पट असते. विकार उफाळला की ती आणखी वाढते. म्हणूनच रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाला शौचावाटे थोडेफार रक्त जात असले, तरी सहसा रक्त गोठू न देणारे हेपरिन देतात. हे उफराटे वाटेल, पण रक्तस्राव गंभीर नसेल तर गुठळीचेच भय अधिक असते.

हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांच्या धोक्यातली वाढ त्यामानाने माफक, ढोबळमानाने एक पंचमांश इतकी आढळते. तरुण रुग्णांत आणि स्त्रियांत ती प्रमाणाने जास्त दिसते. तरुण वयात मूळ धोकाच अगदी कमी असल्याने प्रत्यक्षात झटका येणाऱ्यांची संख्या लहानच राहते, हे आकडे वाचताना विसरू नये. हृदयाची कार्यक्षमता घटणे आणि एट्रियल फिब्रिलेशन ही हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता यांचेही प्रमाण वाढलेले आढळते.

या साऱ्यात निदानाच्या नावापेक्षा दाह किती पेटलेला आहे याला अधिक महत्त्व आहे. डेन्मार्कच्या राष्ट्रीय आरोग्य नोंदींवरील अभ्यासांत झटका व पक्षाघाताची जोखीम विकार उफाळलेल्या काळात ठळकपणे वाढली होती. विकार शांत असताना ती बरीचशी सर्वसामान्य पातळीवर आली होती.

कारणमीमांसा दाहापासूनच सुरू होते. टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ यांसारखे दाहकारक रेणू रक्तातून सर्वत्र पोहोचतात आणि धमन्यांच्या आतील अस्तराचे काम बिघडवतात. इंटरल्यूकिन-६ मुळे यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन आणि फायब्रिनोजेन अधिक तयार करते; प्लेटलेटही वाढतात, म्हणजे रक्त गोठण्याकडे झुकते. आतड्याचा अडसर सैल झाल्याने जिवाणूंच्या आवरणातील अंश रक्तात शिरतात आणि दाहाला खतपाणी घालतात. धमन्या ताठर झाल्याचे मोजमापांतही दिसते. गंमत म्हणजे यांपैकी पुष्कळ रुग्णांचे वजन आणि कोलेस्टेरॉल कमीच असते, कारण दाह पेटला की कोलेस्टेरॉल उतरते. त्यामुळे ऐन उफाळ्यात काढलेला ‘चांगला’ लिपिड अहवाल फसवा ठरू शकतो. केवळ दाह आवरूनही हृदयाला लाभ होतो, हे २०१७ च्या ‘कॅंटोस’ नावाच्या औषधचाचणीने दाखवले. त्यातले रुग्ण मात्र आंत्रविकाराचे नव्हते, आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले होते.

धूम्रपानाचे प्रकरण विचित्र आहे. क्रोन विकार त्याने बळावतो, तर अल्सरेटिव्ह कोलायटिस कधी कधी सिगारेट सोडल्यावर डोके वर काढतो. तरीही हृदयाचा विचार करता ती सोडणेच योग्य.

औषधांच्या निवडीत हृदयाचा विचार करावा लागतो. स्टेरॉइड दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब आणि साखर वाढते. टीएनएफ-अल्फाला अडवणाऱ्या औषधांनी (टीएनएफ-रोधक) दाह आटोक्यात येतो, पण हृदयाची कार्यक्षमता फार घटलेली असल्यास ती टाळतात. टोफॅसिटिनिब या दाह आवरणाऱ्या गोळीबाबतचा इशारा संधिवाताच्या रुग्णांवरील चाचणीतून आला: पन्नाशीपुढच्या, हृदयरोगाला पोषक एखादा तरी घटक असलेल्या रुग्णांत टीएनएफ-रोधकांच्या तुलनेत झटके आणि गुठळ्या अधिक आढळल्या. मेसालामीन या आतड्याचा दाह कमी करणाऱ्या औषधाने क्वचित हृदयस्नायूला सूज येते. औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांत छातीत दुखू लागले तर ते बंद करून तपासणी करतात.

ब्रिटनमध्ये जोखीम मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्यूरिस्क-३ या गणनपद्धतीत संधिवात, ल्युपस (रोगप्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा विकार) आणि स्टेरॉइड यांची दखल आहे, दाहक आंत्रविकाराची नाही. त्यामुळे अशा रुग्णाची जोखीम कागदावर उतरते त्याहून थोडी अधिक धरणे रास्त ठरते.