रजोनिवृत्तीच्या त्रासावरील वनौषधी

पाळी जाण्याच्या काळात अंगातून अचानक निघणाऱ्या गरम वाफा, रात्रीचा घाम, उडालेली झोप, चिडचिड अशा तक्रारींवर मुळे, साली, बिया किंवा त्यांचे अर्क घेण्याची पद्धत. सलग 12 महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे धरतात. भारतात ती सरासरी 46-47 व्या वर्षी येते, तर पाश्चात्त्य देशांत 51 व्या वर्षाच्या सुमारास. अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटले की मेंदूतील हायपोथॅलॅमसचे तापमान-नियंत्रण विस्कळीत होते आणि एरवी जाणवलीही नसती एवढ्या उष्णतेने शरीर घाम सोडू लागते. घरोघरी याला ‘अंगात उष्णता झाली’ म्हणतात आणि धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, गुलकंद पुढे केला जातो. त्याने गारवा वाटतो, पण इस्ट्रोजेनची घट भरून निघत नाही.

सुश्रुतसंहितेत आर्तवाचा (मासिक पाळीचा) काळ 12 व्या वर्षापासून 50 व्या वर्षापर्यंतचा सांगितला असून त्याचे थांबणे हा वार्धक्याचा क्रम मानला आहे, स्वतंत्र रोग नव्हे. त्यामुळे आजचे वैद्य या वयात जी औषधे देतात ती बहुतेक रसायन (शरीराला बळ देणारे उपचार) किंवा प्रदर (योनीतून होणारा अति स्राव) यांसाठी सांगितलेली आहेत. त्यांत शतावरी पहिली. ही सह्याद्रीच्या जंगलांत आढळणारी काटेरी वेल असून तिच्या बुडाशी बोटांएवढ्या जाड, पांढुरक्या मुळ्यांचा झुबका असतो. मुळ्या सोलून, मधली चिवट शीर ओढून काढून वाळवतात व चूर्ण करतात. बाळंतिणीला दूध यावे म्हणून दुधातून दिला जाणारा शतावरी कल्प मराठी घरांत इतका ओळखीचा आहे की तोच डबा पुढे पन्नाशीतही उघडला जातो. मात्र कल्पात साखर भरपूर असते आणि याच वयात मधुमेहही डोके वर काढतो. मुळांत शतावरिन नावाची सॅपोनिने (पाण्यात फेस आणणारी वनस्पतिजन्य द्रव्ये) आहेत. त्यांनी वाफा कमी होतात हे ठामपणे सांगता येईल असा मोठा पुरावा मात्र नाही.

अशोकाच्या सालीपासून, धायटीच्या फुलांनी आंबवून केलेले अशोकारिष्ट मुळात अतिरक्तस्रावासाठी आहे. हा सीतेचा अशोक, केशरी-लाल फुलांचा. रस्त्याकडेला उंच, सरळ वाढणारा ‘अशोक’ वेगळ्या कुळातला असूनही त्याची साल भेसळीसाठी वापरली जाते. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर डागापुरताही रक्तस्राव झाला, तर अशोकारिष्टाची बाटली संपवून पाहू म्हणणे धोक्याचे आहे. कारण बहुधा साधे निघते, पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे ते पहिले लक्षण असू शकते, म्हणून तपासणी आधी व्हायला हवी.

पाश्चात्त्य औषधींत सर्वांत जास्त अभ्यास झाला तो पूर्व उत्तर अमेरिकेतील ब्लॅक कोहोश या वनस्पतीच्या मुळाचा. तेथील मूळ रहिवासी ते वापरत. 1875 पासून अमेरिकेतील लिडिया पिंकहॅम यांनी स्त्रियांच्या तक्रारींसाठी विकलेल्या प्रसिद्ध काढ्यातही ते होते. 2002 मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीत संप्रेरक उपचारांचे (इस्ट्रोजेनसारखी संप्रेरके बाहेरून देण्याचे) धोके पुढे आल्यावर अनेक स्त्रिया अशा औषधींकडे वळल्या. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या, 351 स्त्रियांच्या वर्षभराच्या चाचणीत संप्रेरकांनी वाफा कमी झाल्या. ब्लॅक कोहोश मात्र औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2012 च्या कोक्रेन आढाव्यात 16 चाचण्या व 2,027 स्त्रिया होत्या, तरी उपयोग सिद्ध झाला नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते : वाफा आपोआपही ओसरतात, आणि खोट्या गोळीनेही बऱ्याच जणींना आराम पडतो. म्हणून ‘मला गुण आला’ हा अनुभव खरा असला तरी गुण औषधाचाच होता हे त्यातून ठरत नाही.

सोयाबीनमधील आयसोफ्लाव्होन नावाचे घटक इस्ट्रोजेनसारखे सौम्य काम करतात. आतड्यातील जीवाणू त्यांपासून इक्वॉल हे तसेच काम करणारे द्रव्य बनवतात, पण सर्वांच्याच पोटात ते जीवाणू नसतात. अनुभव वेगवेगळे येण्याचे हे एक कारण असावे. जवसाची चटणी आहार म्हणून उत्तम, परंतु वाफांवर जवसाचा उपयोग 188 स्त्रियांच्या चाचणीत दिसला नाही.

वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, हा समज चुकीचा आहे. ब्लॅक कोहोश व अश्वगंधा घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. अश्वगंधेने थायरॉइडच्या औषधाचा मेळ बिघडू शकतो. चिनी वनौषधी डाँग क्वाय रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनसोबत घेतल्यास रक्तस्राव वाढतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीने इस्ट्रोजेनसारखे काम करणारा कोणताही अर्क सुरू करण्यापूर्वी आपल्या कर्करोगतज्ज्ञाला तो दाखवणे आवश्यक असते.