कादंबरीवरून सिनेमा

गाजलेली कादंबरी पडद्यावर आणणं, म्हणजे एका माध्यमातून दुसऱ्यात नेणं, याला माध्यमांतर म्हणतात, अन् त्यात तिच्यात बदल होतातच. तीनशे पानांचं पुस्तक वाचायला दोन-चार दिवस लागतात अन् सिनेमा अडीच तासात उरकायचा असतो, मग कापाकापी आलीच. कधी उलटंही होतं, 'सिंहासन' (१९७९) साठी विजय तेंडुलकरांनी अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' अशा दोन कादंबऱ्या एका पटकथेत बसवल्या.

सगळ्यात जास्त बदलतो तो शेवट. आर. के. नारायण यांची 'गाइड' (१९५८) घ्या. गावकरी ज्याला साधू समजतात तो पूर्वीचा गाइड राजू पावसासाठी उपास धरून पार गळून गेलाय, लोकांनी त्याला धरून नदीच्या पात्रात उभं केलंय, तो म्हणतो डोंगरात पाऊस लागलाय, पाणी पायापर्यंत आल्यासारखं वाटतंय, अन् खाली बसतो. संपलं पुस्तक! पाऊस आला का, राजू वाचला का, लेखक काहीच सांगत नाही. १९६५ च्या विजय आनंदच्या सिनेमात मात्र पाऊस धो धो कोसळतो अन् राजू जातो. गोष्टपण नारायण यांच्या काल्पनिक मालगुडी गावातून उदयपूरला गेली, नारायणना हे काही पटलं नव्हतं. मराठवाड्यातल्या वाचकाला पुस्तकाचाच शेवट जवळचा वाटावा, कारण ७२ च्या दुष्काळाचा विषय इथं घराघरात अजून निघतो, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, अन् आभाळ भरून येतं, वारं सुटतं, ढग न बरसताच निघून जातात, हे इथं दरसाल बघायला मिळतं.

दुसरी गोष्ट जाते ती सांगणाऱ्याची बोली, अन् माझ्या मते हे नुकसान सगळ्यात मोठं. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१) गावातल्या शिंप्याची बायको सांगते, आपल्याच मराठवाडी बोलीत, घर कसं मोडत गेलं ते. तिचं मनातलं बोलणं हीच ती कादंबरी आहे. कॅमेऱ्याला शिलाई मशीन दिसंल, घर दिसंल, भांडण दिसंल, पण हे तिच्या तोंडून ऐकणं कुठून आणणार? सगळं निवेदन मागून वाजवलं तर सिनेमा राहत नाही, काढून टाकलं तर नुसत्या घटना उरतात. त्यात मराठवाडी बोली पडद्यावर आली की बहुतेकदा हसवायलाच येते, त्याच बोलीत एवढं दुःख सांगता येतं हे पुस्तक वाचणाऱ्यालाच कळतं.

पण सिनेमा नुसतं काढूनच घेतो असंही नाही. गो. नी. दांडेकरांच्या 'जैत रे जैत' वर जब्बार पटेलांनी १९७७ ला सिनेमा केला, गोष्ट कोकणपट्टीतल्या ठाकर आदिवासींची, नाग्या-चिंधीची, अन् गाणी लिहिली पळसखेडच्या ना. धों. महानोरांनी, अजिंठ्याच्या डोंगराजवळ शेती करणाऱ्या कवीनं. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत 'नभ उतरू आलं' ऐका, कादंबरीत पानभर वर्णनानं जे होतं ते इथं दोन ओळीत होतं, अन् कादंबरी न वाचलेल्यांनाही ते पाठ आहे.