आरएक्स-८ ऑइल खाते, म्हणजे इंजिन गेलं?
जुनी माझदा आरएक्स-८ ही स्पोर्ट्स कार घेणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला: "ऑइल खाते, इंजिन गेलंय, सोड." चूक. या रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो; त्याच्या टोकांवरच्या पट्ट्यांना (अ‍ॅपेक्स सील) वंगण मिळावं म्हणून पंप थोडं ऑइल मुद्दाम आत सोडतो, ते जळणारच. ऑइल अजिबात कमी होत नसेल तर उलट काळजी करा!

खरी दुखणी वेगळी. स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या इग्निशन कॉइल लवकर थकतात. त्या बदलणं तुलनेनं स्वस्त, पण टाळाटाळ केली तर न जळालेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं. तापलेलं इंजिन बंद करून लगेच सुरू होईना, तर बहुधा कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) गेलंय. साधा गेज इथं पुरत नाही. रोटरच्या तिन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे दाखवणारा टेस्टर लागतो. इंजिन खोलून नव्यानं बांधण्याचा (रीबिल्ड) खर्च बऱ्याचदा गाडीच्या किमतीलाच भिडतो.