नीडल होल्डर घेताना ग्लोव्ह्जचा नंबर सांगा
सर्जन, ओटी सिस्टर आणि हॉस्पिटलची खरेदी पाहणाऱ्यांसाठी

नीडल होल्डर (टाके घालताना सुई धरायचं इन्स्ट्रुमेंट) मागताना बहुतेक जण लांबी सांगतात: सहा इंची, आठ इंची. आम्ही इन्स्ट्रुमेंट्स विकताना ग्लोव्ह्जचा नंबरही विचारतो. साडेसहा नंबरच्या आणि आठ नंबरच्या हाताला एकच हँडल सारखं बसत नाही. पहिल्या केसला हे जाणवत नाही, दिवसभराच्या ऑपरेशनची लिस्ट संपत आली की हात बोलायला लागतो.

रिंगमध्ये अंगठ्याचं पहिलंच पेर जावं. अनामिका दुसऱ्या रिंगमध्ये आणि तर्जनी दांडीवर टेकलेली. रिंग लहान पडली की तिची कड अंगठ्याच्या बाजूला रुतते. बोटाला संवेदना देणारी नस तिथूनच जाते, त्यामुळे दाब बराच वेळ राहिला तर अंगठा बधिर होतो. लॅपमध्ये, म्हणजे दुर्बिणीच्या सर्जरीत, हा त्रास जास्त, कारण तिथे मनगट वाकवून जोर लावावा लागतो आणि वाकलेल्या मनगटाची पकड मुळातच कमी असते. म्हणून नवीन हँडल घेण्याआधी टेबल खाली घेऊन बघा. हँडल कोपराच्या उंचीला किंवा किंचित खाली यायला हवं. ओपन सर्जरीसाठी लावलेलं टेबल लॅपला उंच पडतं. तेवढ्याने भागलं, तर आमच्याकडून काही घेऊ नका.

डावखुऱ्या डॉक्टरांची आजवर फार गैरसोय झाली आहे. नेहमीच्या कात्रीची पाती उजव्या हाताच्या दाबाने एकमेकांवर घट्ट बसतात. डाव्या हातात तोच दाब पाती फाकवतो आणि टिश्यू कापला न जाता मुडपतो. धार लावून हे सुटत नाही, कात्रीच डावखुरी लागते. होल्डरचं रॅचेट (पकड लॉक करणारे दाते) सोडतानाही अंगठ्याचा जोर उलटा लावावा लागतो.

आता पाण्याचं. बोअरच्या पाण्यातले क्षार बॉक्स जॉइंटमध्ये (दोन्ही दांड्या जुळतात त्या सांध्यात) साचले की चांगल्यातलं चांगलं इन्स्ट्रुमेंटही जड चालतं आणि हात दुखवतं. शेवटची धुलाई आरओ किंवा डिस्टिल्ड पाण्याने करा. सलाइनमध्ये भिजत ठेवू नका, क्लोराइडने स्टीलला बारीक खड्डे पडतात. जॉइंटला शिलाई मशीनचं तेल तर नकोच! तेलाच्या थराखाली वाफ पोचत नाही. इन्स्ट्रुमेंट मिल्क हे पाण्यात विरघळणारं वंगण लावा आणि ऑटोक्लेव्हला (वाफेने निर्जंतुक करताना) रॅचेट उघडं ठेवा.

होल्डर झिजलाय का, हे ओटीतच कळतं. जबड्यात नेहमीच्या मापाची नीडल धरून रॅचेट दुसऱ्या दातावर लावा. नीडल बोटांनी सहज फिरली, तर पकड गेली आहे, आणि ती कसर सर्जनचा हात भरून काढतोय. सोनेरी रिंगच्या होल्डरमध्ये टंगस्टन कार्बाइडच्या पट्ट्या असतात. बऱ्याच होल्डरमध्ये त्या बदलता येतात, म्हणून टाकण्याआधी एकदा दाखवा.

बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटहून येणाऱ्यांनी आपले नेहमीचे ग्लोव्ह्ज सोबत आणावेत. पकड ते घालूनच बघायची. डावखुरी इन्स्ट्रुमेंट्स मागवावी लागतात, तेव्हा निघण्याआधी फोन करा.