हॅन्सीट

हॅन्सीट : पुढे एक व मागे दोन चाके असलेल्या मालवाहू वाहनाचे मूळ जर्मन मॉडेलनाम. भारतात हे वाहन बजाज टेम्पो या कंपनीने तयार केले. जर्मन उच्चार ‘हान्झेआट’ असा असून रोमन अक्षरे इंग्रजी वळणाने वाचल्यामुळे त्याचे हॅन्सीट झाले असावे. त्यातील ‘सीट’ या अंशाचा आसनाशी काहीही संबंध नाही. महाराष्ट्रात हे वाहन ‘टेम्पो’ या निर्मात्याच्या नावाने आणि बोलण्यात ‘डुक्कर’ या नावाने ओळखले गेले. मॉडेलचे स्वतःचे नाव कागदोपत्रीच राहिले, हे या नावाचे वैशिष्ट्य होय.

हॅम्बुर्ग येथील फिडाल उंट झोन (म्हणजे ‘फिडाल आणि पुत्र’) ही संस्था १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ‘टेम्पो’ या नावाने तीनचाकी मालगाड्या बनवीत होती. जर्मनीत १९२८ च्या नियमांनुसार लहान इंजिनाच्या तीनचाकी वाहनांना कर व चालकपरवाना यांबाबत सवलत मिळे, त्यामुळे किराणा, दूध व भाजीपाला पोचविणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांत अशा गाड्यांचा प्रसार झाला. ‘टेम्पो’ हा शब्द जर्मनमध्ये वेग या अर्थाने रूढ असून तो इटालियनमधून आला आहे व त्याचे मूळ लॅटिन ‘टेम्पुस’ म्हणजे काळ या शब्दात आहे. मराठी संगीतसमीक्षेत लयीच्या गतीला उद्देशून येणारा टेम्पो आणि हमाल ज्यात पोती टाकतो तो टेम्पो हे अशा रीतीने एकाच शब्दाचे दोन प्रवास ठरतात. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, या संस्थेने आणलेल्या तीनचाकी मॉडेलला हान्झेआट हे नाव मिळाले. त्याचे जर्मनीतील उत्पादन साधारणपणे १९५६ पर्यंत चालले.

हान्झेआट या शब्दाचा अर्थ ‘हान्झे संघातील नगराचा नागरिक’ असा आहे. हान्झे हा उत्तर जर्मनी व बाल्टिक किनाऱ्यावरील व्यापारी नगरांचा मध्ययुगीन संघ. ल्यूबेक हे त्याचे प्रमुख नगर असून हॅम्बुर्ग व ब्रेमेन यांनी हान्झे नगरे ही बिरुदे अद्याप जपली आहेत. संघाची शेवटची सर्वसाधारण सभा १६६९ मध्ये भरली. मूळ ‘हान्सा’ हा शब्द जुन्या जर्मनिक भाषांत जमाव, टोळी किंवा जथा या अर्थाने येतो आणि पुढे तो व्यापाऱ्यांच्या संघाला लागला. अर्थाच्या दृष्टीने आपल्याकडील ‘श्रेणी’ किंवा ‘निकाय’ हे शब्द त्याला जवळचे आहेत. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या (क्षत्रप नहपानाच्या जावयाच्या) लेखात गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या निकायांकडे ठेवलेल्या ठेवींचा व त्यांवरील व्याजाचा जो उल्लेख आहे, तो या संदर्भात सोलापूरसारख्या विणकरांच्या गावातील वाचकाला सहज आठवावा. साम्य मात्र ढोबळ आहे, कारण श्रेणी ही एका व्यवसायाची संघटना होती आणि प्रौढ काळातील हान्झे हा नगरांचा संघ होता.

मालगाडीला हे नाव का दिले गेले, याचे दोन प्रकारे स्पष्टीकरण करता येते. एक अर्थ स्थानाभिमानाचा आहे : हॅम्बुर्गमध्ये बनलेली गाडी ती हॅम्बुर्गकर. दुसरा अर्थ व्यवसायाचा आहे : हान्झेचा माणूस म्हणजे माल इकडून तिकडे नेणारा, शब्दाला जागणारा व्यापारी, आणि गाडीही तेच काम करणार. याच निर्मात्याच्या त्या काळातील इतर मॉडेलांची नावे, म्हणजे बॉय (पोरगा), मॅटाडोर (बैलाशी झुंजणारा) आणि विकिंग (उत्तरेकडील दर्यावर्दी), लक्षात घेतली, तर एक गोष्ट दिसते की नाव वस्तूला नव्हे तर माणसाला शोभेल असे निवडण्याकडे कल होता. त्यामुळे दुसरा अर्थ अगदीच टाकाऊ नाही. तथापि पहिला अर्थ अधिक स्वाभाविक वाटतो. शेजारच्या ब्रेमेन या हान्झे नगरात बोर्गवार्ड उद्योगसमूहाने १९४९ मध्येच ‘हान्सा १५००’ ही मोटार आणली होती आणि १९२६ मध्ये स्थापन झालेल्या जर्मन विमानकंपनीच्या लुफ्तहान्सा या नावातही हाच शब्द आहे. म्हणजे उत्तर जर्मनीच्या उद्योगजगतात या शब्दाला आधीपासून मान होता. त्याच बोर्गवार्ड समूहाच्या तीनचाकी गाड्या ‘गोलियाथ’ या, बायबलमधील राक्षसाच्या नावाने विकल्या जात. लहान गाडीला थोर नाव देण्याची ही हौस पुढे टाटांच्या ‘छोटा हत्ती’ या वाहनाच्या बाबतीत पुन्हा दिसते.

रचनेच्या दृष्टीने या गाडीत दोन सिलिंडरांचे, सुमारे ४०० घनसेंमी. क्षमतेचे द्विघाती (टू-स्ट्रोक) इंजिन पुढच्या बाजूला असून तेच पुढचे एकमेव चाक फिरवीत असे. मागे इंजिनाची शक्ती नेणारा दांडा नसल्याने मालाची फळी जमिनीलगत ठेवता येई आणि खांद्यावरचे ओझे फार न उचलता आत सरकविता येई. याउलट चालकाच्या पुढे इंजिनाचे लांबट नाकाड आले. डुक्कर हे नाव या मुस्कटामुळे पडले असे सामान्यतः मानले जाते. द्विघाती इंजिनाच्या गुरगुरण्याचाही त्यात वाटा असावा, परंतु तशा आवाजाच्या इतर वाहनांना हे नाव मिळाले नाही, यावरून आकार हेच प्रमुख कारण समजावे.

भारतात मूळचे अहमदनगरचे नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने, जर्मन संस्थेच्या सहकार्याने, १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली. पुढे तिचा कारखाना पुण्याजवळ आकुर्डीस आला. जर्मनीत थांबलेले हॅन्सीट भारतात त्यानंतर कित्येक दशके बनत राहिले. कंपनीच्या नावातला दुसरा शब्द रस्त्यावर उतरला आणि त्याचे सामान्यनाम झाले. तिनेच पुढे आणलेल्या मॅटाडोरचेही काही अंशी तसेच झाले, हॅन्सीटचे झाले नाही. ‘टेम्पो’ दोन अक्षरी, ओकारान्त आणि मराठी जिभेला सोपा आहे, शिवाय तो गाडीच्या नाकावर ठळक दिसे, एवढे कारण पुरेसे वाटते.

सोलापुरात मराठी, तेलुगू व कन्नड या तिन्ही भाषांत टेम्पो हा एकच शब्द चालतो. पूर्व भागातील यंत्रमागांच्या बोळांतून सुताची बाचकी आणणे, चादरी व टॉवेल यांचे गठ्ठे बाहेर काढणे, सिद्धेश्वर बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या गोण्या उतरविणे या कामांसाठी येणारे कोणतेही मध्यम वाहन टेम्पोच असते, मग त्याला चाके तीन असोत, चार असोत वा सहा. परिवहन कार्यालयाच्या वर्गवारीत ‘हलके मालवाहू वाहन’ असे म्हणतात. अपघाताच्या बातमीत मात्र ‘आयशर टेम्पो’ असे येते, जे मूळ अर्थाने पाहता एका निर्मात्याच्या गाडीला दुसऱ्याचे नाव जोडणे होय. वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही.

टेम्पोच्या मागील उघड्या भागाला हौदा म्हणतात व तो बंद करणाऱ्या झडपेला फाळका. फाळका खाली सोडला की साखळ्यांवर तो फळीसारखा आडवा राहतो आणि गठ्ठा आधी त्यावर टेकवून मग आत लोटतात. हौदा या शब्दाविषयी मतभेदाला जागा आहे. पाण्याचा हौद आणि हत्तीच्या पाठीवरचा हौदा हे दोन्ही शब्द अरबी मुळाचे, पण वेगवेगळ्या मुळांचे आहेत. चौकोनी खोलगट आकार पाहता येथे हौद अभिप्रेत असावा असे वाटते, आणि काही लेखनांत ‘टेम्पोच्या हौदात’ असे रूप आढळतेही; तथापि ‘हौद्यात’ हे सामान्यरूप अधिक प्रचलित असून ते हौदा या आकारान्त शब्दाचेच होऊ शकते. प्रस्तुत नोंदीत म्हणून हौदा हे रूप स्वीकारले आहे.

२००५ मध्ये बजाज टेम्पोचे नाव फोर्स मोटर्स असे झाले आणि टेम्पो हा शब्द कंपनीच्या नावातून गेला. त्याच वर्षी टाटा मोटर्सने दोन सिलिंडरांचे, ७०२ घनसेंमी. डीझेल इंजिन असलेले ‘एस’ (इं. Ace) हे चारचाकी वाहन बाजारात आणले. हॅन्सीट करीत असलेली बहुतेक कामे आज सोलापुरात याच वाहनाकडे आहेत. त्याचेही मॉडेलनाम मागे पडून ‘छोटा हत्ती’ हे नाव रूढ झाले. हिंदीतील हाथीचा मराठीत हत्ती झाला, विशेषण मात्र छोटा तसेच राहिले, ‘लहान हत्ती’ कोणी म्हणत नाही. अशा रीतीने हत्तीच्या पाठीवर हौदा आला खरा, परंतु वाहनाच्या संदर्भात हौदा हा शब्द त्याआधीपासून वापरात होता, त्यामुळे या दोन नावांचा परस्परसंबंध जोडता येत नाही.