कॉमन लॉ की कॉन्ज्युगल? कॅनडाची पार्टनर स्पॉन्सरशिप भरण्याआधी एवढं वाचा

"आमचं तीन वर्षांपासून चालू आहे, मग आम्ही कॉमन लॉ झालो की!" असं जोडीदाराला कॅनडात कायमचं राहता यावं म्हणून स्पॉन्सरशिपचा अर्ज भरणारं कोणी म्हणालं की मी आधी एकच विचारते, एका घरात सलग किती महिने राहिलात? कारण आयआरसीसीवाले, म्हणजे कॅनडाचं इमिग्रेशन खातं, प्रेम किती जुनं आहे ते नंतर बघतात, आधी पत्ता बघतात.

कॉमन लॉ पार्टनर म्हणजे ज्याच्यासोबत तुम्ही नवराबायकोसारखे किमान एक वर्ष सलग एकत्र राहिलात तो. कॉन्ज्युगल पार्टनर म्हणजे ज्याच्याशी तुमचं तसंच नातं किमान एक वर्ष आहे, पण तो कॅनडाबाहेर राहतो आणि काहीतरी खरीखुरी अडचण असल्यामुळे तुम्हाला ना एकत्र राहता आलं ना लग्न करता आलं. घोळ होतो तो शब्दामुळे, कारण कॉमन लॉच्या व्याख्येतसुद्धा "कॉन्ज्युगल रिलेशनशिप" हे शब्द आहेतच, म्हणून लोकांना वाटतं दोन्ही एकच, किंवा वाटतं की कॉन्ज्युगल हे जरा सोपं, वर्ष भरलं नसेल तर चालणारं कॉमन लॉ आहे. असं अजिबात नाहीये, उलट दोन्हींत सिद्ध करायला जास्त अवघड तेच आहे.

कॉन्ज्युगल नातं म्हणजे नक्की काय हे कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाच्या १९९९ च्या एम विरुद्ध एच या केसमधल्या मुद्द्यांवरून बघतात. एक घर, शारीरिक आणि भावनिक जवळीक, घरकामाची वाटणी, चारचौघांत एकत्र वावरणं, पैशांचा एकमेकांना आधार, मुलं, आणि आजूबाजूचे लोक तुम्हाला जोडपं समजतात का. सगळ्यांवर टिक लागलीच पाहिजे असं नाही, ऑफिसर एकूण चित्र बघतो.

आता कॉमन लॉ. बारा महिने सलग पाहिजेत, पाच महिने या वर्षी आणि सात महिने पुढच्या वर्षी अशी बेरीज चालत नाही. ते कॅनडातच काढलेले हवेत असं मात्र नाही, दुसऱ्या कुठल्याही देशात काढलेले चालतात. मधे कोणी कामासाठी किंवा घरी कोणी आजारी म्हणून थोडे दिवस गेलं तर बिघडत नाही, पण घर तेच राहिलं पाहिजे आणि परत यायचं हे नक्की असलं पाहिजे, म्हणजे सामान तिथेच आहे, भाडं दोघं भरताय, तिकीट परतीचं आहे. खोली सोडून, सामान उचलून दुसऱ्या प्रॉव्हिन्समधे चार महिने गेलात तर घड्याळ पुन्हा शून्यावर येऊ शकतं. एकदा वर्ष पूर्ण झालं की मग काही काळ लांब राहावं लागलं तरी नातं कॉमन लॉच राहू शकतं.

पुराव्यात सगळ्यात जास्त गडबड इथेच होते बघा. लोक चारशे फोटो आणि व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट जोडतात. चॅटवरून नातं आहे हे कळतं, एका छताखाली राहता हे कळत नाही, आणि एकाच घरात राहणारी माणसं दिवसभर एकमेकांना "जेवलास का" विचारत नसतात, त्यामुळे तशा पानांचा ढीग उलटाच प्रश्न उभा करतो. कॉमन लॉला तारीख आणि पत्ता असलेले कागद लागतात. दोघांच्या नावाची लीज, जॉइंट अकाउंट, हायड्रोचं (विजेचं) बिल, ड्रायव्हिंग लायसन्स, टेनंट इन्शुरन्स, पे स्टब (पगाराची स्लिप), फोनचं बिल. प्रत्येक महिन्यासाठी दोघांचा एकेक कागद त्याच पत्त्यावरचा मिळतो का, एवढं टेबल करून बघा, कुठला महिना रिकामा आहे ते लगेच दिसतं. त्याशिवाय आयएमएम ५४०९ हा फॉर्म असतो, म्हणजे कॉमन लॉ असल्याचं शपथपत्र, ते नोटरी किंवा शपथ घेणाऱ्या कमिशनरसमोर सही करायचं. पण नुसत्या शपथपत्रावर भागत नाही हे लक्षात ठेवा.

आणि आपल्या लोकांची एक अडचण मला मनापासून लिहायची आहे, कारण ती मी स्वतः भोगलीये. घरी सांगितलेलं नसतं. मग लीज एकाच्या नावावर, दुसऱ्याचं लायसन्स अजून जुन्या पत्त्यावर, घरच्यांना "रूममेट आहे" सांगितलेलं, आणि समाज तुम्हाला जोडपं मानतो का या प्रश्नाला आपल्याकडे उत्तरच नाही. आमचे पहिले पाच महिने असेच कागदाविना गेले. ते लपवू नका, रिलेशनशिप लेटरमधे, म्हणजे अर्जासोबतच्या नात्याबद्दलच्या पत्रात, सरळ लिहा की घरच्यांपासून का लपवलं, घरमालकाचं पत्र घ्या, सोबत राहणाऱ्या मित्रांची पत्रं घ्या, ई-ट्रान्सफरने भाड्याचा अर्धा हिस्सा दिला असेल तर ती स्टेटमेंट्स जोडा. आणि एकत्र राहायला लागलात त्याच आठवड्यात पत्ता बदला, ऑन्टारियोत तसाही सहा दिवसांत लायसन्सचा पत्ता कळवायचा नियम आहे.

टॅक्सचंही बघा. सीआरएचं, म्हणजे कॅनडाच्या टॅक्स खात्याचं, कॉमन लॉ पण बारा महिन्यांचंच, फक्त दोघांचं मूल असेल तर ते एकत्र राहायला लागल्यापासूनच धरतात, इमिग्रेशनला मात्र मूल असलं तरी वर्ष लागतं. तुम्ही रिटर्नमधे सिंगल आणि अर्जात त्याच वर्षी कॉमन लॉ लिहिलं तर ऑफिसर विचारणारच. चूक असेल तर रिटर्न आधी दुरुस्त करा. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षांची बंदी लागते.

आता कॉन्ज्युगल. इथे एकत्र पत्ता नसतो, म्हणून चॅट, कॉल लॉग, भेटायला गेल्याचे बोर्डिंग पास, एकमेकांना पाठवलेले पैसे, विम्यात किंवा मृत्युपत्रात एकमेकांचं नाव, हेच मुख्य पुरावे. म्हणजे तिकडे जे फारसं कामाचं नाही तेच इकडे लागतं. पण तेवढ्यावर थांबता येत नाही, अडचणसुद्धा सिद्ध करावी लागते. जोडीदार आधीच्या लग्नात अडकलाय आणि त्याच्या देशात घटस्फोटाचा कायदाच लागू नाही, फिलिपिन्समधल्या बहुतेक लोकांची ही परिस्थिती आहे. समलिंगी जोडपं आहे आणि तिथे एकत्र राहणं गुन्हा आहे. व्हिसा मागितला आणि नाकारला, त्याची पत्रं आहेत. अशी कारणं लागतात. नोकरी सोडता आली नाही, कोर्स चालू होता, तिकीट महाग, आईबाबा तयार नव्हते, ही कारणं माणूस म्हणून मला पटतात, पण अर्जात ती निवड म्हणून धरली जातात. ऑफिसरचा पहिला प्रश्न असतो, लग्न का नाही केलंत? त्याला उत्तर नसेल तर कॉन्ज्युगल भरू नका, लग्न करा किंवा वर्ष पूर्ण करा. नऊ महिने झालेत म्हणून कॉन्ज्युगलमधे टाकू, हा तर सरळ रिफ्यूजलचा रस्ता.

साखरपुडा झालाय म्हणजे कॉन्ज्युगल असंही नाही, फियान्सेचा वेगळा प्रकार कॅनडाने २००२ मधेच बंद केला. व्हिडिओ कॉलवर लग्न उरकून घेऊ म्हणाल तर ११ जून २०१५ पासून दोघांपैकी एक जरी प्रत्यक्ष हजर नसेल तर ते लग्न स्पॉन्सरशिपला धरत नाहीत, सैन्यातल्यांना थोडी सूट आहे तेवढीच.

अजून एक फरक, कॉन्ज्युगल पार्टनर फक्त फॅमिली क्लासच्या, म्हणजे कुटुंबातल्या माणसाला बोलावण्याच्या, स्पॉन्सरशिपपुरता आहे, एक्सप्रेस एंट्रीच्या (कुशल कामगारांच्या) अर्जात त्याला सोबत घेता येत नाही आणि तो कॅनडात राहत असेल तर हा रस्ताच बंद. कॉमन लॉ पार्टनर दोन्हीकडे चालतो.

म्हणूनच ज्यांची स्वतःची पीआरची (कायमच्या रहिवासाची) फाइल आत्ता चालू आहे त्यांनी कॅलेंडर काढून बसा. अर्ज केला तेव्हा तुम्ही सिंगल होतात, पण मधेच एकत्र राहण्याचे बारा महिने पूर्ण झाले, तर लँडिंगच्या आधी, म्हणजे पीआर हातात पडण्याआधी, ते आयआरसीसीला कळवावं लागतं, आणि नाही कळवलं तर इमिग्रेशनच्या नियम ११७(९)(डी) मुळे त्याच माणसाला पुढे स्पॉन्सर करायचा रस्ता अडू शकतो. पीआर पक्की करणाऱ्या कन्फर्मेशनच्या ईमेलला उत्तर देण्याआधी ती तारीख मोजा.